आपल्या विरुद्धचा कागद

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. आमच्या घरात ताईइतकं शहाणं कोणी नाही, आणि तरी ती चढली. कशी चढली ते सांगते. माझं आयुष्य कापडाच्या दुकानात काउंटरवर गेलं, रोज शंभर तऱ्हेची माणसं बघते, पण इतकी तयारी करून संकटाला सामोरं गेलेलं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

आम्ही चार भावंडं. सगळ्यात थोरला दादा, तो दूर दुसऱ्या शहरात असतो. त्याच्या पाठची ताई, इस्पितळात चौतीस वर्षं सिस्टर आहे. तिच्या पाठचा राजा. खरं नाव वेगळं, पण आई राजा म्हणायची म्हणून आम्हीही राजाच म्हणतो. राजा पन्नाशीचा झाला, पण त्याची समज सात वर्षांवर थांबली. त्याला टाय बांधलेले लोक आवडतात, कुलपं आवडतात, आणि वर्तमानपत्रांची रद्दी कडेला कड लावून रचायला फार आवडतं. शेंडेफळ मी. राग माझ्या नाकावर असतो आणि तोंडाला लगाम नाही, हे मीच आधी सांगून टाकते.

राजाची कायदेशीर पालक आई होती. गेल्या वर्षी आई गेली. महिना होतो न होतो तोच दादाच्या वकिलाचा कागद आला. राजाचा पालक म्हणून आपल्याला नेमावं असा अर्ज दादाने कोर्टात केला होता, आणि नेमणूक झाली की राजाला तो एका संस्थेत ठेवणार होता, आमच्यापासून आगगाडीने आठ तासांवर. दादा वाईट माणूस नाही. तिथे डॉक्टर आहेत, बाग आहे, ताई दमली आहे, असं त्याचं म्हणणं. पण आईच्या खोलीचं दार बंद दिसलं तरी राजा दिवसभर जेवत नाही. त्याला तिकडे पाठवणं म्हणजे काय ते आम्हाला कळत होतं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी दादाला फोन लावला आणि वीस मिनिटं तोंडाचा पट्टा सोडला. त्याने फोन ठेवून दिला. ताईने काय केलं? तिने एका वकीलबाईंना फोन लावला आणि विचारलं, "भेटायला येताना काय काय तयार करून आणू?"

वकीलबाईंनी तीन गोष्टी सांगितल्या. एक, असतील ते सगळे कागद, तारखेप्रमाणे लावून. दोन, काय केव्हा घडलं त्याची यादी. घडलं तेवढंच, कोणाबद्दल काय वाटतं ते नको. आणि तीन, एका कागदावर आपल्या विरुद्ध जे जे आहे ते. "जे मला कोर्टात समोरच्या वकिलाच्या तोंडून ऐकायला लागेल," त्या म्हणाल्या, "ते मला आधी तुमच्याकडून ऐकू दे."

चार रविवार आम्ही जेवणाच्या टेबलावर बसलो. म्हणजे ताई बसली, मी बडबडले, आणि राजा टाचण्या पुरवत राहिला. ताईने कपाटातून वह्या काढल्या आणि मी चाटच पडले. राजाला कोणती गोळी कधी बदलली, दात कधी काढला, ताप किती दिवस होता, पायात घालायला कोणत्या नंबरचा बूट आणला, कोणत्या डॉक्टरने काय सांगितलं, सगळं तारीखवार. एकोणीस वर्षांचं. मला माझ्या मुलीचा दात कधी पडला ते आठवत नाही.

"एवढं कशासाठी लिहीत होतीस गं?" मी विचारलं.

"सवय," ती म्हणाली. "पुढच्या माणसाला कळायला नको?"

मग तिसरा कागद आला. ताईने वर लिहिलं, 'आमच्या विरुद्ध', खाली रेघ ओढली आणि पहिलीच ओळ घातली: 'राजा एकदा हरवला होता. चार तास. दार मी नीट ओढून घेतलं नव्हतं. चूक माझी.'

मी पेन धरलं तिचं. "अगं, वेड लागलंय का तुला? ही गोष्ट दादाला माहीतसुद्धा नाही. आपणच दुसऱ्याच्या हाती कोलीत द्यायचं?"

"शेजाऱ्यांना माहीत आहे. पोलीस चौकीत नोंद आहे."

"असू दे. कोण बघायला जातंय?"

ताईने माझ्या हातातून पेन सोडवून घेतलं आणि दुसरी ओळ लिहिली: 'माझं वय सत्तावन्न. कंबर दुखते. त्याला एकटीने उचलता येत नाही.' राजाने तिला एक टाचणी दिली. मी चहा ठेवायला उठले, कारण बसले असते तर भांडले असते.

वकीलबाईंचं ऑफिस चष्म्याच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर. जिन्यात अंधार, आत मात्र लख्ख. भिंतभर दोऱ्याने बांधलेल्या फायली, टेबलावर पाण्याचा तांब्या आणि एक शिक्के मारायचं यंत्र. बाई आमच्यापेक्षा लहान, चष्मा डोक्यावर चढवलेला. राजाला आम्ही शेजारणीकडे सोडून आलो होतो. बाईंनी फाईल उघडली आणि वाचायला लागल्या. मला वाटलं पाचदहा मिनिटं चाळतील. त्यांनी चष्मा खाली ओढला आणि चाळीस मिनिटं मान वर केली नाही. मधे कोणी दारात डोकावलं, त्याला हातानेच जा म्हणाल्या.

शेवटी त्या म्हणाल्या, "सिस्टर, हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

"वॉर्डने," ताई म्हणाली. "ड्युटी संपली की पुढच्या सिस्टरला पेशंटची हकीकत सांगून जावं लागतं. त्यात आधी वाईट काय ते सांगायचं. चांगलं काय ते तिचं तिला दिसतं."

बाईंनी फाईल पुन्हा पहिल्या पानावर उघडली. मला माझ्या बहिणीचा फार अभिमान वाटला. चौतीस वर्षं मी तिला नुसती 'दमून आलेली ताई' म्हणून पाहत होते.

मग बाई माझ्याकडे वळल्या. "म्हणजे पालक म्हणून नाव तुमचं घालायचं ना?"

मी ताईकडे बघितलं. ती फाईलच्या दोऱ्याची गाठ सोडवत होती.

"माझं?" मी म्हणाले. "हिचं. हिने सगळं केलंय."

"मी किती वर्षं पुरणार?" ताई म्हणाली. "तू त्याच्याहून सहा वर्षांनी लहान आहेस. करीन मीच, होतंय तोवर. पण कागदावर नाव तुझं हवं. ड्युटी संपायच्या आत सांगून जायचं असतं, संपल्यावर नाही."

"हे मला घरी सांगता येत नव्हतं?"

"घरी सांगितलं असतं तर तू आधी भांडली असतीस आणि मग रागाच्या भरात हो म्हणाली असतीस. मला रागातलं हो नको होतं."

अशी ही आमची ताई. तिने फाईलमधून आणखी एक कागद काढून माझ्यासमोर ठेवला. वर लिहिलं होतं, 'धाकटीच्या विरुद्ध'. खाली तिच्या त्या सरळ, गोल अक्षरात: 'तापट आहे. आवाज मोठा. पण राजा तिला घाबरत नाही. फक्त रविवारी येते. गोळ्यांची नावं येत नाहीत. त्याची दाढी करता येत नाही. आईच्या आजारात दोन महिने आली नाही. का आली नाही, ते मी विचारलं नाही.' आणि त्याखाली पट्टीने आखलेल्या तीन रेघा, कोऱ्या.

"ह्या कशाला सोडल्यास?"

"त्या तुझ्या आहेत," ती म्हणाली आणि खिडकीकडे बघायला लागली.

तेव्हा मला कळलं की तिला माहीत आहे. बावीस वर्षं माहीत होतं आणि तिने ब्र काढला नव्हता. माझं लग्न ठरलं तेव्हा सासूबाईंनी विचारलं होतं, भाऊ किती? मी म्हणाले होते, एक. लग्नाच्या दिवशी दादा राजाला शेजाऱ्यांकडे सोडून आला आणि ताई तिथे राजाजवळ बसून राहिली. ताईला आम्ही सांगितलं की गर्दीत राजा बावरेल, आणि पाहुण्यांना सांगितलं की तिला ड्युटी आहे. माझ्या लग्नाच्या एकाही फोटोत ताई नाही. सासरी खरं कळलं ते पुढे, मुलगी झाल्यावर, आणि तेही माझ्या तोंडून नाही.

वकीलबाई म्हणाल्या, "आठ दिवस घ्या. विचार करून सांगा."

मी पेन मागितलं. ती गोष्ट मी तीन रेघांत बसवली, फार मोठी नाहीच ती. बाईंनी वाचली आणि हळूच म्हणाल्या, "हे लिहायलाच हवं असं नाही. फाईल कोर्टात जाणार, समोरचे वापरतील."

"वापरू देत," मी म्हणाले. ताईने तो कागद उचलला, बाकीच्यांत तारखेप्रमाणे लावला आणि फाईल बाईंकडे सरकवली.

नवऱ्याला घरी येऊन सांगितलं. तो म्हणाला, "पलंग कुठे टाकायचा तेवढं बोल." मग मी रोज ताईकडे जायला लागले. पहिल्या दिवशी राजाची दाढी करताना त्याची हनुवटी कापली. तो रडला नाही, मी रडले. गोळ्यांची नावं मी कापडाच्या पावतीमागे लिहून दुकानात पाठ केली, गिऱ्हाईक समोर असताना. पोट दुखलं तर राजा सांगत नाही, शर्टाची बटणं काढून पुन्हा लावत बसतो, हे मला चव्वेचाळिसाव्या वर्षी कळलं. सख्खा भाऊ माझा.

कोर्टाच्या दिवशी तेच झालं. दादाच्या वकिलाने बाकी सगळं बाजूला ठेवलं आणि माझ्या तीन ओळी मोठ्याने वाचल्या. दादा समोरच्या बाकावर मान खाली घालून बसला होता. त्यात त्याचाही वाटा होता, पण तो मी लिहिला नव्हता. तो त्याचा कागद.

न्यायाधीशांनी विचारलं, "हे खरं आहे?"

"खरं आहे."

"मग आज त्यांना तुमच्या हाती का सोपवावं?"

वकीलबाईंनी माझ्याकडून उत्तर घोटून घेतलं होतं. त्यातला एक शब्द आठवेना. मी म्हणाले, "एक मिनिट, साहेब," आणि दाराकडे गेले. बाहेर व्हरांड्यात ताई आणि राजा बसले होते. राजाचा शर्ट गळ्यापर्यंत बंद केलेला, केस ओले करून विंचरलेले. मी त्याचा हात धरला आणि त्याला आत घेऊन आले. इतक्या काळ्या कोटांत तो थबकला, पण हात सोडला नाही.

दुकानात गिऱ्हाईकाला लांबून हाक मारते त्या आवाजात मी म्हणाले, "साहेब, मला दोन भाऊ आहेत. एक तो समोर बसलाय. आणि हा राजा. हाही माझा मोठा भाऊ."

दादाने मान वर केली. त्याचा वकील त्याच्या कानाशी लागला होता, त्याला त्याने हाताने थांबवलं, आणि सरकून आपल्या शेजारी राजाला बसायला जागा केली.