खंडेनवमीच्या पाटावर

"मग तुम्ही का नाही कमरेला पाना लावून जेवायला बसत?" पुरण वाटता वाटता मनोरमानं विचारलं. "तेही तुमचं कामाचंच हत्यार ना?"

"पाना आणि पिस्तूल एक आहे का, मनू?" राजाभाऊ स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. "ओबेद पोलिस आहे. ड्यूटी संपली म्हणून पोलिस संपतो का?"

"माझ्या बाबांचा संपायचा. रोज संध्याकाळी."

मनोरमाचे वडील गुहागरला हवालदार होते. बंदूक ठाण्यात जमा करून, सही करून ते घरी यायचे. एकदा सही राहिली म्हणून जेवत्या पानावरून उठून पाऊस अंगावर घेत परत गेले होते. मनोरमा तेव्हा आठ वर्षांची होती. ठाण्यातली बंदूक घरात येत नसते, एवढं तिला तेव्हाच कळलं होतं.

लग्नानंतर ती दुबईला आली. राजाभाऊंचं रास अल खोरला विजेच्या मोटारी रिवाइंड करायचं वर्कशॉप होतं. लायसन्स कफीलच्या, तिथल्या अरब जामीनदाराच्या नावावर, म्हणजे सगळंच त्याच्या नावावर: वर्कशॉप, तिघांचे व्हिसे, लेक पर्णिकाची शाळा. मनोरमा स्वभावानं भित्री. झोपताना तीनदा गॅसची चावी बघायची, लिफ्टमध्ये मुलीचा हात धरायची. राजाभाऊ हसायचे, तीही हसायची आणि परत जाऊन चावी बघायची.

कफीलचा मुलगा ओबेद दूरच्या एका अमिरातीत पोलिसात होता. दर शुक्रवारी दुपारी तो यांच्याकडे जेवायला यायचा. माणूस गोड. पर्णिकासाठी चॉकलेटं आणायचा, मनोरमाला 'सिस्टर' म्हणायचा, वरणावर तूप मागून घ्यायचा. पण पांढऱ्या पायघोळ कंदुऱ्यावर चामड्याचा पट्टा आणि पट्ट्याला पिस्तूल. सहा वर्षांच्या पर्णिकाच्या ते बरोबर डोळ्यांसमोर यायचं. तो बोलता बोलता वळला की मनोरमाच्या हातातली पळी थांबायची.

राजाभाऊंनी एकदा चेष्टेच्या सुरात विषय काढला होता. ओबेद हसला होता. "छुपाएगा तो लोग डरेगा, हबीबी. दिखता है, तो सबको मालूम, पुलिस है."

"बरोबर बोलतो तो," राजाभाऊ आताही म्हणाले. "दिसतंय म्हणजे लपवाछपवी नाही."

"दिसतंय म्हणूनच तर. पोरगी टक लावून बघत असते. तुमचं लक्ष असतं का?"

"पुढच्या महिन्यात लायसन्स रिन्यू करायचंय. आज सणाचा दिवस आहे, यल्ला, पुरे कर आता."

दारावरची बेल वाजली आणि भांडण तिथंच राहिलं.

ती सत्त्याण्णव सालची खंडेनवमी, नेमकी शुक्रवारी आलेली. वर्कशॉप बंद, म्हणून राजाभाऊंनी पाने, पक्कड, मीटर घरीच आणले होते. हॉलच्या कोपऱ्यात पाट मांडला होता. ओबेदनं आल्या आल्या पर्णिकाचे गाल ओढले. इथं जेवण खाली बसून, मांडी घातली की पट्टा पोटात रुतायचा, म्हणून आज तो काढून त्यानं शिवणयंत्रावर ठेवला. तेवढ्यात त्याचा मोबाइल वाजला आणि बोलत बोलत तो बाल्कनीत गेला. राजाभाऊ खाली दुकानात दही आणायला गेले.

मनोरमाचे दोन्ही हात पुरणात होते. तिनं आतूनच हाक मारली, "पर्णिका, घरातली सगळी हत्यारं पाटावर आणून ठेव गं. एकही राहू देऊ नकोस. विळी मी आणते."

"एव्हरीथिंग, ममा?"

"हो, सगळी. आणि हळदकुंकू लाव."

विळी घेऊन ती बाहेर आली. पाटावर पाने ओळीनं होते, पक्कड होती, शिवणयंत्रावरची कात्री होती. कात्रीशेजारी पिस्तूल होतं. पट्टा रिकामा खाली पडला होता. काळ्या लोखंडावर हळदीचं बोट उमटलं होतं आणि पर्णिका गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी ते स्वतःकडे फिरवत होती. नळीच्या तोंडाशी कुंकू लावायचं राहिलं होतं.

मनोरमाच्या घशातून ओरडणं वर आलं आणि तिनं ते गिळलं. ओरडलं तर पोरगी दचकेल. दचकली तर बोटं आवळेल.

"बाळा," ती म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच दुसऱ्या कुणाचा वाटला. "हात सोड. फुलं आणायची राहिलीत."

"वन मिनिट, ममा. आय ॲम नॉट डन."

"आधी फुलं. फ्रीजमध्ये आहेत. जा."

पर्णिकाला राग आला. तिनं ओठ काढले, बोटावरचं कुंकू फ्रॉकला पुसलं आणि हातातलं खाली ठेवलं. लोखंड पाटावर आपटल्याचा आवाज झाला. बाकी काही झालं नाही. मुलगी स्वयंपाकघरात गेली तेव्हा मनोरमाला कळलं, विळीचं पातं आपण मुठीत धरलंय.

ओबेद बाल्कनीच्या दारात उभा होता. फोनमधून कुणीतरी बोलतच होतं. तो धावत आला, पिस्तूल उचलून भिंतीकडे वळला. त्यानं खालचा गोळ्यांचा कप्पा काढला, वरचा भाग मागे ओढला. एक गोळी आतून उडाली आणि फरशीवर घरंगळत पाटाखाली गेली. ती काढायला तो वाकला. दोनदा ती त्याच्या बोटांतून सुटली.

"सिस्टर..." तो म्हणाला. पुढे त्याला हिंदी सुचेना.

दही घेऊन राजाभाऊ आले. पाट, पट्टा, बायकोच्या हातावरचं रक्त, सगळं त्यांनी पाहिलं. पाटाकडे बोट दाखवत पर्णिकानंच त्यांना सांगितलं, "बाबा, आय डिड ऑल द टूल्स."

राजाभाऊ खाली बसले. म्हणाले, "खलास, मनू, संपलं. काही झालं नाही ना? खलास." आणि ओबेदकडे बघून, "कोई बात नहीं, भाई. बैठो, खाना खाओ."

मनोरमानं नळाखाली हात धुतला, फडकं गुंडाळलं. गॅसची चावी बंद केली, पुन्हा बघितली. मग ती बाहेर आली आणि ओबेदसमोर उभी राहिली. हिंदी तिची बेताचीच, पण अडखळली नाही.

"ओबेदभाई, ये घर में आप आएगा, ये पिस्तौल नहीं आएगा."

"मनू, अगं लायसन्स..."

"गेलं तर जाऊ दे," ती राजाभाऊंना मराठीत म्हणाली. "पुढच्या शुक्रवारी पट्टा या दारातून आत आला, तर त्याच आठवड्यात मी पर्णिकाला घेऊन गुहागरला जाणार. मी पानं वाढतेय. हात धुऊन या."