लीलाधर आबांकडे ठेवलेलं

लीलाधर आबांना आयुष्यात कुणाला 'नाही' म्हणता आलं नाही. बाहेरचे लोक याला चांगुलपणा म्हणत. घरातल्या बायका काय म्हणत ते इथे लिहिण्यासारखं नाही. पिंपळझिऱ्यात ज्याला जे घरात नको असेल ते तो आबांच्या ओसरीवर आणून टाकी आणि म्हणे, "आबा, थोडे दिवस ठेवा." लग्नातली जास्तीची पातेली, गणपती मंडळाचा फुटका कर्णा, काशीला निघालेल्या म्हातारीचा पोपट. म्हातारी वेळेवर परत आली; पोपट मात्र आबांच्याच घरी म्हातारा झाला.

पिंपळझिरे चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला. केळी, कापूस, आणि अंधार पडला की रानडुकरं. गावातले बाकीचे पुरुष डुकरांच्या मागे बोंबलत पळत. आबा बांधावर उभे राहून त्यांना "जा रे बाबा, जा" म्हणत. नांगराखाली टिटवीची अंडी आली तर तेवढा तुकडा त्या वर्षी पडीक राही. दिवाळीत फटाक्यांच्या धाकाने कानात कापूस घालून बसणारा हा माणूस. असला माणूस नव्वदी गाठतो यात नवल नाही. त्याला मारायला कोण येणार?

नव्वदी गाठली त्याच वर्षी आबा न्हाणीत पडले आणि उठलेच नाहीत. चोपड्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, दोन-चार दिवसांचा प्रश्न आहे, घरी न्या. म्हणून धुळ्याहून नात आली, नूतन. ती तिथे कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, आणि घरी आली की सगळ्यांनाच शिकवते. आल्या आल्या तिने चोपड्याहून भाड्याने दवाखान्यातला पलंग मागवला, डोक्याकडून वर-खाली होणारा. आबांचा जुना सागवानी पेटीपलंग ओसरीत काढायचा ठरला.

चार गडी लागले. पलंग हलेना.

"आबांनी यात काय, सोनं भरलंय का?" एक जण म्हणाला, आणि सगळे आशेने थांबले.

नूतनने गड्यांना चहाला पाठवलं आणि फळी उचलली. वर गोधड्या. गोधड्यांखाली बारदान. बारदानात, वेगवेगळ्या फडक्यांत नीट गुंडाळलेल्या, सात बंदुका. दोन ठासणीच्या, त्यांच्या नळ्या तिच्याएवढ्या उंच. चार काडतुसाच्या, बारा बोरच्या. सातवी वस्तू एवढीशी, एका हिरव्या कापडात गच्च बांधलेली. ती तिने सोडलीच नाही. सगळ्यांना शिवणयंत्राच्या तेलाचा वास येत होता. कुठे गंजाचा ठिपका नाही. फटाक्यांना घाबरणारा माणूस इतकी वर्षं या ढिगावर पाठ टेकून झोपला होता. आणखी आठ दिवस कुणाला कळलं नसतं, तर तेराव्याला शय्यादानात गुरुजींच्या घरी सात बंदुका गेल्या असत्या.

"आबा, हे कुणाचं?" तिने कानाशी तोंड नेऊन विचारलं.

आबांनी डोळे उघडले. "लोकेस्नं."

"कोणत्या लोकांचं?"

"ठेवणारास्नं."

"तेल कोण घालतं यांना?"

"मीच. दुसरानी वस्तू. गंजी गयी तं काय तोंड दखाडू?"

"नावं सांगा आबा."

आबांनी मान भिंतीकडे वळवली. "नाव सांगानं नही, अशी बोली व्हती."

हे प्रकरण कसं झालं असेल ते नूतनच्या लगेच ध्यानात आलं. तिला सगळंच लगेच ध्यानात येतं. पूर्वी डुकरांसाठी इथे पीक संरक्षणाचे परवाने मिळत. परवाना बापाच्या नावावर. बाप मेला की बंदूक एक तर ठाण्यात जमा करा, नाहीतर नाव बदलायला जळगावच्या कचेरीत खेटे घाला. दोन्हीचा कंटाळा. मग? आबांकडे ठेव. आबांच्या घराची झडती घेण्याइतका येडा पोलीस अजून जन्मायचा होता.

तिचे वडील जितेंद्रभाऊ बंदुका बघून खालीच बसले. गेल्या वर्षी बायपास झालेला माणूस. घर त्यांच्या नावावर होतं. त्यांनी एकदा मागितलं म्हणून आबांनी तेही देऊन टाकलं होतं.

"लाज नाही लोकांना!" ते ओरडले. "म्हाताऱ्याच्या भोळेपणाचा फायदा घेतला! एकेकाला धरून जोड्यानं मारलं पाहिजे!"

नूतनने धुळ्याच्या एका ओळखीच्या वकिलाला फोन लावला. तो जेवत होता. घास गिळून म्हणाला, "मॅडम, ज्याच्या घरात सापडलं, तो आधी आत. बाकीचं मग बोलू." तिने फोन ठेवला आणि वडिलांच्या छातीकडे पाहिलं. एवढंच तिला करायचं होतं: आबा जायच्या आत ज्याची त्याची बंदूक ज्याच्या त्याच्या हाताने ठाण्यात जमा झाली पाहिजे. नाहीतर बापाला अग्नी देऊन परत आलेल्या माणसाला पोलिसाच्या गाडीत बसावं लागेल.

आता भेटायला येणाऱ्यांकडे ती नीट बघू लागली. आजाऱ्याला भेटायला आलेला माणूस आधी आजाऱ्याकडे बघतो. हे लोक आधी पेटीपलंगाच्या जागेकडे बघत, आणि पलंग तिथे नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा असा उतरे की शेजारची बाई समजूत घाली, "वय झालंच होतं हो आबांचं."

तिने सरळ विचारायला सुरुवात केली. निवृत्त मुख्याध्यापिका प्रमिलाबाईंनी पदर खांद्यावर घेतला. "बंदूक? अगं, आमच्याकडे सुरीसुद्धा बोथट असते." सोसायटीचे चेअरमन पितांबरभाऊ, भाऊबंदकीतलेच, शेजारच्या शेताचे मालक, यांनी तर हात जोडले. "बंदूक? आबांकडे? अशा देवमाणसावर आळ घेऊ नको, नूतन." आणि जाताना ओसरीत पडलेल्या पेटीपलंगावरून सहज हात फिरवून गेले.

तिकडे आबा काही जात नव्हते. दोन-चार दिवसांचे पंधरा झाले. गावच्या बायकांनी निदान बदललं: जीव अटकेल शे. मरणाऱ्याच्या मनात काही राहिलं की जीव सुटत नाही, हे लहान पोराला ठाऊक. मग जीव कशात अडकलाय याचा शोध सुरू झाला. भडगावला दिलेली लेक कुंदाबाई आणवली. ती रडली, आबांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि जिवंत राहिले. शेवभाजीच्या रश्श्याचं बोट ओठाला लावलं. त्यांनी ते चाटलं आणि आणखी मागितलं. पोपटाचा पिंजरासुद्धा कुणीतरी शोधून आणला.

"शेतात अडकला असंल," नूतनची आई बेबाबाई म्हणाली. "मूठभर माती आणू का?"

नूतन कॉलेजात अंधश्रद्धेवर वर्षाला एक व्याख्यान देते. तिने आईकडे पाहिलं, ओसरीत बसलेल्या बायकांकडे पाहिलं, आणि आवाज चढवून म्हणाली,

"जीव कशात अडकलाय ते कळलंय. आबा बोलले माझ्याशी. लोकांच्या ठेवी आहेत त्यांच्याकडे. ज्याची त्याने नेली नाही, तर जीव सुटणार नाही. आणि सुटलाच, तर ज्याची ठेव त्याच्या उंबऱ्यावर जाऊन बसेल."

शेवटचं वाक्य तिने पदरचं घातलं. ते सांगताना तिला थोडी लाज वाटली. पण तेवढ्याने भागलं.

त्याच संध्याकाळी प्रमिलाबाई आल्या. "आमच्या सासऱ्यांचं काही सामान होतं वाटतं," त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या. "लांबट." ठासणीची बंदूक त्यांनी चादरीत गुंडाळली, आबांच्या पायाला हात लावला आणि म्हणाल्या, "आबा, मोकळे व्हा." नूतनने बजावलं, घरी न्यायची नाही, थेट ठाण्यात, पोच आणून मला दाखवायची. गावात बापाचं न ऐकणारी माणसं तिचं ऐकत. त्यातले बरेच धुळ्याला शिकायला होते आणि तिच्या हातून नापास झाले होते. मग निंबा नावाचा शेतकरी आला, मग आणखी कुणी कुणी. पितांबरभाऊ रांगेत शेवटी. आपली जोडनळी बंदूक त्यांनी स्वतःच ओळखली, फडकंसुद्धा न सोडता.

ठाण्यातला फौजदार नवा होता. प्रत्येकाने त्याला एकच सांगितलं: माळा साफ करताना सापडली. सहाव्या बंदुकीला तो म्हणाला, "तुमच्या गावाला स्वच्छतेचं बक्षीस द्यायला पाहिजे. सगळे माळे एकाच आठवड्यात?"

उरली ती हिरव्या कापडातली. तिला मालक येईना. जितेंद्रभाऊंचा आवाज आता चांगलाच चढला होता. "सगळे नेतात आणि हा एक हरामखोर लपून बसलाय! सापडू दे मला!" पितांबरभाऊ पोच दाखवायला आले होते, ते खुर्चीत बसून मान हलवत होते. बेबाबाई आबांसाठी पेज घेऊन आली आणि थबकली.

"हे तं मनं लुगडं शे."

"काय?"

"नूतनच्या बारशाचं. मामानं आणेल व्हतं. फाटलं म्हणून अर्धं ठेवलं होतं, ते मी वर्षभर शोधत होते!" तिने गाठ सोडली. आत गावठी कट्टा होता, डोंगरापलीकडून चोरून विकत आणतात तसला, तळहाताएवढा.

बेबाबाईने पेजेची वाटी खाली ठेवली आणि नवऱ्याकडे पाहिलं. नूतननेही पाहिलं. जितेंद्रभाऊ छताचे वासे मोजत होते.

"कोणाकरता लयना व्हता रे?" पितांबरभाऊंनी विचारलं.

जितेंद्रभाऊंनी नजर वाशांवरून खाली आणली. मग म्हणाले, "तुन्हाकरता. बांधाच्या भांडणात. तू बांधावरचं कडुनिंबाचं झाड तोडलं त्या साली."

पितांबरभाऊ उठले. बेबाबाई मध्ये उभी राहिली. पण ते कट्ट्याजवळ गेले, वाकले आणि खरोखर दुखावल्या आवाजात म्हणाले,

"इतलासा? मन्हाकरता इतलासा? मी तुन्हाकरता जोडनळी काढेल व्हती!"

"तूपण?"

"मग? झाड माझ्या हद्दीत होतं! आबा रस्त्यात भेटले. म्हणे, ठी दे आठे, राग उतरना की लई जाजो. मी ठेवली. मग काय, राग काही उतरला नाही, आणि मागायची लाज वाटली."

"मले बी असंच म्हणाले," जितेंद्रभाऊ पुटपुटले.

नूतन आबांच्या पलंगाच्या कडेला बसली. सरकारी परवाना, जळगावचे खेटे, रानडुकरं, असा तिने बांधलेला सगळा हिशोब कोसळला होता. सातांतल्या कितींचा डुकरांशी संबंध होता कुणास ठाऊक. आबांना 'नाही' म्हणता येत नाही म्हणून गाव त्यांच्याकडे सामान टाकतं, असं ती लहानपणापासून ऐकत आली होती. आबा हात पुढे करून काय काय मागून घेत होते, ते कुणी सांगितलं नव्हतं. सांगणारा कोण? नाव सांगायचं नाही अशी बोली होती.

मग या बाईने, जिने गावातल्या सहा घरांना ठाण्याचा रस्ता दाखवला होता, जे केलं ते प्रामाणिकपणे लिहिलंच पाहिजे. ती उठली, दार लावलं आणि हळूच म्हणाली, "पप्पा, मागच्या विहिरीत टाकून देऊ. कुणाला कळणार आहे?"

"आणि पोच?" पितांबरभाऊ म्हणाले. "आम्ही गेलो तेव्हा पोच पाहिजे होती."

"काका, त्यांचं बायपास झालंय. परवान्याची बंदूक वेगळी आणि हे वेगळं. केस होईल."

"होऊ दे," जितेंद्रभाऊ म्हणाले. त्यांनी कट्टा पुन्हा हिरव्या कापडात गुंडाळला. "आठवडाभर मीच सगळ्यांना हरामखोर म्हणतोय. आता कोणत्या तोंडानं विहिरीत टाकू?"

"मी येतो," पितांबरभाऊ म्हणाले. "फौजदारानं विचारलं कोणाला मारायला आणला होता, तर दाखवायला माणूस नको?"

दोघे पितांबरभाऊंच्या मोटारसायकलवर गेले. माळ्याची गोष्ट फौजदाराने या वेळी ऐकून घेतली नाही. केस झाली. रात्र ठाण्याच्या बाकावर गेली, दुसऱ्या दिवशी जामीन झाला. वय, छाती आणि आपल्या पायांनी चालत आला हे कोर्टाने पाहिलं. आता तारखा चालू आहेत. प्रत्येक तारखेला पितांबरभाऊ सोबत जातात. वकिलाने नको सांगितलं तरी जातात.

आणि आबा? गावाने इतकी लाज गिळून ठेवी उचलल्या, तर निदान त्यांनी आपला शब्द पाळायचा. सातवी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी आबांनी कळण्याची भाकरी मागितली. आठवड्याने उशीला टेकून बसू लागले. प्रमिलाबाई दोनदा येऊन बघून गेल्या आणि दोन्ही वेळा जरा नाराजच परतल्या. "मोकळे झाले म्हणतात ते हेच का?" त्यांनी बेबाबाईला विचारलं.

परवा तारखेहून दोघे परत आले ते अंगणातच भांडत. बांध, झाड, कुणाची हद्द, कुणाच्या बापाने मोजणी केली होती. आवाज चढत गेला, अंगणातली कोंबडी पळाली. नूतन चटकन उठून दाराकडे निघाली.

आबांनी तिचं मनगट धरलं.

"भांडू दे त्यास्ले," ते म्हणाले. "आते हात रिकामा शेतस."

बाहेर पितांबरभाऊ ओरडत होते, की झाड सात हात आत होतं, सात, आणि उद्या सकाळी दोरी घेऊन ये, मोजून दाखवतो.