दुपारी बंद पडणारं मशीन

त्या पावसाळ्यात नांदेडच्या आमच्या घरात दोन नाजूक जीव होते. एक ताईचं तान्हं बाळ, दुसरा माझा कॉम्प्युटर. बाळाला कोणीही उचलावं, पण कॉम्प्युटरला कोणी हात लावायचा नाही, असा दम मी सगळ्यांना देऊन ठेवला होता.

कारणही तसंच होतं. लातूरच्या एका क्लासच्या सरांनी मला हृदयातून रक्त कसं फिरतं याचं ॲनिमेशन करायला दिलं होतं. रविवारी संध्याकाळपर्यंत ते मिळालं, तर वर्षभराचे सगळे धडे माझ्याकडे येणार होते. नाही मिळालं, तर "पुण्यात एक जण हाय आपला," असं ते फार गोड आवाजात म्हणाले होते.

माझ्या जुन्या मशीनवर एवढं रेंडर, म्हणजे एकेक चित्र रंगवून व्हिडिओ तयार होणं, वेळेत उरकणार नव्हतं. म्हणून मी ओव्हरक्लॉकिंग केलं. प्रोसेसर आणि मेमरी, दोघांनाही कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायचं. त्यात फायदा असतो, पण त्याहून जास्त माज असतो. मित्रांच्या ग्रुपवर मी लगेच आकड्यांचा फोटो टाकला.

दुसऱ्या दिवशी दुपारी रेंडर लावलं, वरण-भात खाऊन पलीकडच्या खोलीत जरा आडवा झालो. उठून बघतो तर मशीन बंद पडल्याचा निळा पडदा, रेंडर अर्ध्यात मेलेलं.

हे असं झालं की शोधायची पद्धत ठरलेली असते: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आधी प्रोसेसर मूळ वेगावर आणला आणि मेमरी तशीच पळती ठेवली. तपासणीचा एक प्रोग्रॅम असतो, तो मशीनला उगाच अवघड गणितं घालून घाम फोडतो. तो सकाळभर समोर बसून चालवला. पास. दुपारी रेंडर लावून झोपलो, पुन्हा निळा पडदा. मग उलटं केलं, मेमरी उतरवली आणि प्रोसेसर चढवला. सकाळी पास, दुपारी नापास. मेमरीच्या पट्ट्या काढून खोडरबरने घासल्या, त्यांच्या जागा बदलल्या, व्होल्टेज चिमूटभर वाढवलं. सकाळी माझ्यासमोर मशीन अगदी गुणी मुलासारखं वागायचं, आणि माझा डोळा लागला की मान टाकायचं.

"तू झोपला की तेबी झोपतंय," ताई म्हणाली. "मालकावर गेलंय."

मला हसू आलं नाही. दिवस हातातून चालले होते आणि माझं हृदय झडपांच्या पुढे सरकत नव्हतं. त्यात उठल्यावर मशीनजवळ एक वेगळाच कोंदट वास यायचा. ग्रुपवरच्या जाणकारांनी पॉवर सप्लाय जळत असल्याचं एकमताने ठरवून टाकलं. मीही मान डोलावली.

रविवार उजाडला. जेवढं शाबूत राहिलं होतं तिथून पुढे रेंडर लावलं आणि जेवून पडलो, पण काळजीने झोप लागेना. मशीनच्याच खोलीत कोपऱ्यात चटई टाकून डोळे मिटून होतो. तेवढ्यात आई चवड्यांवर चालत आत आली. हातात पाटी. पाटीत पिळलेले लंगोट. तिने एक-एक झटकून मशीनच्या डोक्यावर पसरला आणि मागच्या पंख्यावर तर असे नीट ओळीने लटकवले की बाहेर पडायला हवेला फट राहिली नाही.

"आई!"

ती दचकली आणि तिने दोन्ही हात वर करून दाखवले. "हात न्हाई लावला बाबा मी. फक्त कपडे लावले."

"अगं, गरम होऊन मरतंय ते! रोज हेच करून राहिली होती का?"

"व्हय, तू उठायच्या आत काढून बी घेती. मग काय करू? झड लागलीय, उन्हाचा पत्ता न्हाई. लेकराला ओलं बांधू? शेगडी ठेवली तर धूर व्हतोय. ह्याच्यातनं कशी कोरडी धग येती." मग जरा थांबून म्हणाली, "पयल्यांदा येवढी येत नव्हती. आठ दिवसापास्नं लईच चांगली येऊन राहिली."

मला राग आला होता. पण खरं सांगतो, बरंही वाटलं. माझ्या ओव्हरक्लॉकिंगचं कौतुक करणारी घरात ती एकटीच निघाली.

मी लंगोट भराभर उचलले. मशीन तापलं होतं, पण जिवंत होतं. तेवढ्यात आतून बाळ रडलं आणि पाठोपाठ ताईचा आवाज आला, "आई, कोरडा दे की! शेवटचाबी ओला केला ह्यानं."

आईने माझ्याकडे पाहिलं. संध्याकाळपर्यंत रेंडर थांबता कामा नये आणि बाळही थांबणार नव्हतं. शेवटी मीच दोन्ही हातात लंगोट ताणून पंख्यापासून हातभर लांब उभा राहिलो. हवा जात राहिली, लंगोट वाळत राहिले, टक्के चढत राहिले. मधेच सरांचा फोन आला, आईने तो माझ्या कानाला धरला.

"कुठवर आलं?"

"होऊन राहिलंय सर."

"आवाज असा का येतोय तुमचा?"

"उभा हाय सर."

दिवेलागणीला रेंडर संपलं. व्हिडिओ पाठवला. सरांचं उत्तर आलं, "झकास. पुढचा धडा मूत्रपिंड." मी आनंदाने ओरडलोच. वर्षभराचं काम मिळालं होतं. मशीन बंद करायला हात पुढे केला, तोच आईने शेवटचा लंगोट उचलून गालाला लावला आणि डोळे मिटून अंदाज घेतला.

"दमट हाय अजून. चालू ठेव."

"अगं, संपलं काम."

"तुझं संपलं."

लातूरला पोचलेलं ते हृदय मी पहिल्या चित्रापासून पुन्हा रेंडरला लावलं आणि लंगोट धरून उभा राहिलो.