जोतिबाला न बोललेला नवस

माझ्या रक्तातला आकडा दस्तगीरला ठाऊक आहे. माझी हाडं डॉक्टरीणबाईंना ठाऊक आहेत. माझा नवस तर निम्म्या शिवाजी पेठेला ठाऊक आहे. पण ह्या तिन्ही गोष्टी एकत्र जोडून मी आजवर कुणापुढेच ठेवल्या नाहीत — आज तुमच्यापुढे ठेवतोय. तुम्ही मला ओळखत नाही, ते एक बरं आहे.

मी शाळेत पी.टी.चा मास्तर होतो. गळ्यात शिट्टी, आवाज खणखणीत. संध्याकाळी पेठेतल्या तालमीच्या संघाला फुटबॉल शिकवायचो. आमच्याकडे माणसाची किंमत त्याच्या मांड्या बघून करतात, आणि त्या मांड्या माझ्या पंचेचाळिशीनंतर ओसरू लागल्या. पोट सुटलं. दाढी दोन-तीन दिवस केली नाही तरी कुणाला कळेना. दुपारच्या तासाला मी मैदानाच्या कडेला खुर्चीत डुलक्या काढायचो आणि पोरं आपली आपण खेळायची. आणि — हे लिहिताना अजून हात अडखळतो — बायकोजवळ जावं असं वाटेनासं झालं. भांडण नव्हतं, राग नव्हता. पानावर बसावंसंच वाटू नये, तशी भूकच मेली होती.

शालन, माझी बायको, तेव्हा चाळिशीची. तिनं काही महिने वाट पाहिली आणि एका सकाळी भाकरी थापता थापता विचारलं, माझं काय चुकलं काय?

काय सांगायचं? डॉक्टरकडे जावं, तर पेठेतल्या डॉक्टरांचा मुलगा माझ्याच संघात खेळायचा. स्टँडजवळच्या वैदूच्या तंबूतून शिलाजिताची पुडी आणून शाळेच्या कपाटात लपवली होती, महिनाभर खाल्ली होती. पोट बिघडलं, बाकी काही नाही.

१९९६ साल होतं ते. चारच महिन्यांपूर्वी आमची वैशाली काविळीतून उठली होती. एकुलती एक, तेरा वर्षांची. पंधरा दिवस दवाखान्यात होती, आम्ही आशा सोडली होती. शालनच्या प्रश्नावर माझ्या तोंडून निघून गेलं की मी जोतिबाला नवस बोललोय — पोर वाचली तर ब्रह्मचर्य पाळीन. कुठवर, तिनं विचारलं. पोर लग्न होऊन सासरी जाईस्तोवर, मी म्हटलं. मी असला कुठलाही नवस बोललो नव्हतो. दवाखान्यात मला देव आठवलासुद्धा नव्हता.

आणि शालनचं तोंड उजळलं. पिठाच्या हातानं तिनं मला नमस्कार केला. दुसऱ्या दिवसापासून तिनं मटण सोडलं, माझ्या नवसाला आपला हातभार म्हणून. मी मात्र खायचं, कारण मैदानावर ताकद लागते. आठवड्यातून दोनदा ती माझ्यासाठी तांबडा रस्सा करायची आणि स्वतः दही-भाकरी घेऊन समोर बसायची. मी खायचो की. वर मीठ कमी पडलं तर सांगायचोसुद्धा. तिनं हे जावेला सांगितलं, जावेनं गल्लीला, आणि लोक मला जरा जास्तच मान द्यायला लागले. तो मान मी घेतला.

पण मला कबूल करायचंय ते अजून आलेलंच नाही. घुटमळतोय मी, कळतंय ना तुम्हाला?

दोन वर्षांनी संक्रांतीच्या हळदीकुंकवाहून शालन दुपारची घरी आली. वैशाली शाळेत होती. मी कॉटवर पेपर वाचत पडलो होतो. तिच्या केसांत गजरा होता. ती शेजारी बसली आणि तिनं माझ्या छातीवर हात ठेवला. एवढंच. त्या हातात काही मागणं होतं की नव्हतं, मला आजही माहीत नाही. मी तो हात हातात घेऊ शकलो असतो. शालन, मलाच काहीतरी झालंय गं — एवढं म्हणायला किती श्वास लागतो? पण मी घाबरलो. नवस नसता तरी मी असाच पडून राहिलो असतो, हे तिला कळेल म्हणून घाबरलो. मी तिचा हात झटकला आणि म्हणालो,

"पोरीच्या जिवावर उठलीयास व्हय?"

तिनं जागच्या जागी गजरा काढला. त्याच आठवड्यात वैशालीला ताप आला, साधा सर्दीचा, दोन दिवसांत उतरणारा. पण शालननं तो स्वतःच्या माथी घेतला. पोर बरी झाल्यावर ती पहाटे उठून घरापासून जोतिबाच्या डोंगरापर्यंत अनवाणी चालत गेली, माफी मागायला. मी दारात उभा राहून तिला गल्लीच्या टोकापर्यंत जाताना बघितलं. हाक मारली नाही. संध्याकाळी ती आली तेव्हा पायाला फोड होते, आणि ते मी कोमट पाण्यात धुतले. त्याचंही तिला कोण कौतुक! त्यानंतर तिनं गजरा माळला नाही.

२००३ मध्ये मी मैदानात नुसता घसरलो आणि मनगट मोडलं. हाडाच्या डॉक्टरांना माझी हाडं वयाच्या मानानं फारच विरळ वाटली. त्यांनी हार्मोनच्या एका डॉक्टरीणबाईंकडे धाडलं. बाईंनी दाढीपासून झोपेपर्यंत आणि झोपेपासून इच्छेपर्यंत सगळं सरळ विचारलं, जसं आपण खोकल्याबद्दल विचारतो. सकाळी उपाशीपोटी रक्त घेतलं, काही दिवसांनी पुन्हा घेतलं. पुरुषाच्या शरीरातलं टेस्टोस्टेरॉन वयानं थोडं उतरतंच, म्हणाल्या, पण तुमचं फारच खाली आहे, आणि हा आजार आहे, कमीपणा नव्हे. प्रोस्टेट तपासू, मग दर तीन आठवड्यांनी इंजेक्शन, मधूनमधून रक्त बघू. पंचविशीतले होणार नाही, एवढं ध्यानात ठेवा. एकदा बायकोला घेऊन या, त्यांच्याशीही बोलते. ती गगनबावड्याला माहेरी गेलीय, असं मी सांगितलं. ती घरी शेंगा फोडत बसली होती.

इंजेक्शन दस्तगीर द्यायचा, आमचा जुना गोलकीपर, एका दवाखान्यात कंपाउंडर. शालनला सांगितलं, हाडांसाठी आहे. तेवढं निम्मं खरं होतं. हळूहळू डुलक्या थांबल्या, मी पोरांबरोबर पुन्हा पळायला लागलो. आणि मेलेली भूक परत आली. पण करता काय? वैशालीचं लग्न व्हायचं होतं आणि माझ्या नवसावर शालनचा पहारा होता. अकरा महिने मी माझ्याच थापेच्या दाराबाहेर बसून काढले. हसा तुम्ही, मीही हसतो.

२००४ च्या उन्हाळ्यात लग्न झालं. पुढच्या रविवारी शालन म्हणाली, आता नवस फेडाय जाऊया की. आम्ही डोंगरावर गेलो, गुलाल-खोबरं उधळलं. उतरताना ती फुलवालीपाशी थांबली आणि गुलालानं माखलेल्या तोंडानं माझ्याकडे बघून म्हणाली,

"आता घेऊ न्हवं?"

अठ्ठेचाळीस वर्षांची बाई मला गजऱ्याची परवानगी विचारत होती. मी दोन घेतले.

त्यानंतरचे दिवस फार चांगले गेले, अजूनही जातायत. मी निवृत्त झालोय. शालन रस्सा भुरकते आणि मीठ कमी म्हणून मलाच बोलते, कारण हल्ली मटण मी शिजवतो. मोगऱ्याच्या दिवसांत घरात वास असतो. आम्ही सुखात आहोत, आणि हे सुख खोटं नाही. तिला खरं सांगावं असं दर संक्रांतीला वाटतं. सांगत नाही.

दर दिवाळीला वैशाली लेकीला घेऊन येते. शालन नातीला जवळ घेऊन सांगते, तुझ्या आजोबांनी नवस पाळला म्हणून तुझी आई हाय. मी तिथंच खुर्चीत असतो. मग वैशाली उठते, वाकते आणि माझ्या पायांवर डोकं ठेवते. मी पाय मागे घेत नाही.