गडग्यातले चार चिरे

माझे आजोबा कस्टमच्या नाक्यावर शिपाई होते. पूर्णगडच्या अलीकडे, जिथे आमची कलमांची बाग उतरत उतरत समुद्राला भिडते, तिथे वर कातळावर त्यांची चौकी होती. येणारं-जाणारं गलबत बघायचं, संशय आला तर होडी घेऊन पुढे जायचं आणि कुणी बुडालं तर प्रेतं वर ओढायची. हे शेवटचं काम त्यांना कुणी नेमून दिलेलं नव्हतं, पण करणारं दुसरं कुणी नव्हतं.

एकदा कच्छकडचं एक गलबत खडकावर फुटलं. पाच जण किनाऱ्याला लागले, पाचही मेलेले. चेहरे ओळखण्यासारखे राहिले नव्हते, कोण कुठल्या धर्माचा हे कळायला मार्ग नव्हता. आजोबांनी त्यांना बागेच्या खालच्या अंगाला पुरलं आणि प्रत्येकाच्या डोक्याशी जांभ्या दगडाचा एक घडीव चिरा उभा केला. नावं ठाऊक नव्हती, म्हणून ज्याच्या अंगावर जी वस्तू सापडली तीच त्याच्या चिऱ्यावर कोरली. घरची माणसं शोधत आली तर वस्तूवरून ओळखतील, असं त्यांचं म्हणणं. एकावर सुरी होती, एकावर अंगठी, एकावर फणी. एकाच्या अंगावर काहीच नव्हतं, त्याचा चिरा त्यांनी कोरा ठेवला. पाचव्यावर काय होतं, इथे माझा गोंधळ आहे.

घरची माणसं आली नाहीत. आजोबा गेले. पुढे दरवर्षी पाऊस संपला की वडील खाली जाऊन तिथलं गवत काढायचे.

मी चोवीस-पंचवीस वर्षांचा असताना वडिलांनी बागेला गडगा, म्हणजे चिऱ्यांचं कुंपण, घालायला घेतला. त्यांचा पाय तेव्हा मोडलेला होता, ते अंगणाच्या खाली उतरू शकत नव्हते. देखरेख माझ्याकडे आली. त्यांनी एकच बजावलं होतं, "त्या पाचांना कुणी हात लावता कामा नये." ते मी गवंड्यांना सांगितलं की नाही, हे मला आजही नक्की सांगता येत नाही. सांगितलं असं मी बरीच वर्षं स्वतःला पटवत आलो. त्या दिवशी भाट्याच्या वाळूत क्रिकेटचा सामना होता. मी सकाळीच सायकल काढून तिकडे गेलो, हे मात्र पक्कं.

संध्याकाळी परतलो तेव्हा खालची जमीन सपाट झाली होती. चार चिरे गडग्यात गेले होते आणि त्यांच्यावर आणखी दोन थर चढले होते. पाचवा उपटलेला, वाटेवर आडवा पडला होता आणि एक गवंडी तो उचलत होता.

"तो नको!" मी ओरडलो. "राखणदार आहे तो."

असं का म्हणालो? थडगं म्हटलं असतं तर आधीच्या चारांचा विषय निघाला असता, काम थांबलं असतं, गोष्ट वडिलांपर्यंत गेली असती. राखणदार म्हणजे जागा राखणारा देव, तसं म्हटल्यावर कुणी पुढे विचारत नाही. गवंड्याने कानाला हात लावले, दगडाच्या पाया पडला आणि म्हणाला, "बसवू कुठं?" मी समोरच्या आंब्याच्या बुंध्याकडे बोट दाखवलं. जवळ होता म्हणून, दुसरं कारण नाही.

वडिलांना सांगितलं की दरड कोसळली, थडगी समुद्रात गेली. त्यांनी विश्वास ठेवला; पाय धड सांधलाच नाही, ते पुन्हा कधी खाली उतरले नाहीत. "आपल्याच्याने राखलं गेलं नाही," असं ते नंतर कितीतरी वेळा म्हणाले, शेवटच्या आजारपणातही. मी पलंगाशी बसून ऐकलं.

आंब्याखालच्या चिऱ्याला वर्षभरात शेंदूर लागला. मग नारळ आले, फरशी आली, वर पत्र्याची शेड आली. आता दरवर्षी वाडीतली माणसं तिथे राखण देतात, म्हणजे त्याला कोंबडं देतात. आमचे एक शेजारी गाऱ्हाणं घालतात आणि सगळे मिळून "होय म्हाराजा" म्हणतात. मीही म्हणतो.

गेल्या दिवाळीनंतर मुंबईहून एक कच्छी बाई आल्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, साठीच्या आसपासच्या. त्यांचे पणजोबा खलाशी होते आणि याच किनाऱ्याला बुडाले, असं त्यांच्या घरात सांगत आले होते. कस्टमच्या शिपायाने पुरलं, एवढा निरोप तेव्हा कुणीतरी पोचवला होता. गावात विचारल्यावर लोकांनी त्यांना माझ्याकडे पाठवलं.

"काका, दगडांवर काही लिहिलं होतं का?"

मी कोरलेल्या वस्तूंचं सांगितलं. त्या एकदम पुढे सरकल्या. "चावी होती का कुठे? त्यांच्या कमरेला पेटीची चावी असायची म्हणतात."

मी म्हणालो, होती, पाचव्यावर होती. आणि त्याच क्षणी मला कळेना की ही किल्ली मला लहानपणापासून आठवते आहे की आत्ता त्यांच्या तोंडून ऐकली. माझा थोरला भाऊ जिवंत असेपर्यंत म्हणायचा की पाचव्यावर मासळी होती. मासळी अंगावर कशी सापडेल, म्हणून मी त्याला हसायचो. ताईत असेल, मासळीच्या आकाराचा, असं तो म्हणायचा. त्या चिऱ्यावर आता बोटभर शेंदूर आहे. जांभ्यावरचं कोरीव काम तसंही पावसाने भोकाभोकांचं होतं.

मी त्यांना आंब्याखाली घेऊन गेलो. "हाच पाचवा," एवढंच म्हणालो. त्यांनी चपला काढल्या, पिशवीतून फुलं काढून वाहिली, गुडघ्यांवर बसून फरशीवर हात ठेवला आणि त्यांच्या भाषेत कितीतरी वेळ हळू हळू बोलत राहिल्या. मी मागे उभा होतो. थांबवायला हवं होतं. थांबवलं नाही.

घरी आल्यावर बायकोने कोकम सरबत दिलं. त्या म्हणाल्या, "आज आमच्या घरातलं एक मोठं काम झालं, काका." तेव्हा माझ्याने राहवलं नाही. मी सगळं सांगून टाकलं. चार चिरे गडग्यात आहेत, पाचवा आहे पण त्याच्याखाली कुणी नाही, आणि किल्लीचंही मला नक्की ठाऊक नाही.

त्यांनी पेला खाली ठेवला. "तुम्ही मला तिथे बसू दिलंत."

"हो."

"मघाशी तुम्ही मागेच उभे होता."

"हो."

"मग ते कुठे आहेत?"

"बागेत आहेत. बागेत कुठे, ते मला सांगता येत नाही."

त्या उठून निघून गेल्या. बायको आत जाता जाता म्हणाली, "अहो, पन्नास वर्षं संसार केला माझ्याशी. मला सांगता आलं नसतं?"

दुसऱ्या दिवसापासून मी गडगा उतरवायला लागलो. गाऱ्हाणं घालणारे ते शेजारी धावत आले. त्यांनाही सांगितलं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"म्हणजे काका, देव आमचा खलाशी निगाला?"

"खलाशी तिथेही नाही. नुसता त्याचा चिरा."

"आनि आमी इतकी वर्सं कोंबडं देतोय, ता कोन खातंय?"

"तुम्हीच खाता."

ते हसले, पण मनापासून नाही. "वाडीला तुमीच सांगा. माज्या तोंडून नको. गेल्या साली माजा नातू तापातून उठला, ता मी त्येलाच नवस बोललेलो." मग पहार घेऊन माझ्याबरोबर कामाला लागले.

सुरीचा चिरा सापडला. आणखी एकावर गोल खूण आहे, ती अंगठी असावी किंवा पहारीचा घाव. फणीचा अजून नाही. आणि कोऱ्या चिऱ्याचं काय करायचं? गडग्यातला प्रत्येक चिरा कोराच आहे.

बाईंना फोन केला. उचलतील असं वाटलं नव्हतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मी राखणीला येईन. पण सगळ्यांसमोर तुम्ही सांगायचं. आणि पाचव्यावर काय होतं, तेही."

बोलताना आता माझी जीभ अडखळते, म्हणून हे लिहून काढलं आहे. राखणीच्या दिवशी गाऱ्हाण्याच्या आधी हे वाचून दाखवीन. वाडी काय म्हणेल याचा अंदाज येत नाही. लिहिताना एक जागा दोनदा बदलली. पहिल्यांदा तिथे मी 'किल्ली' लिहिलं होतं, कारण त्या बाई ते ऐकायला एवढ्या लांबून येणार आहेत. मग 'मासळी' लिहिलं, भावासाठी. आता दोन्ही खोडून लिहितो आहे: पाचव्या चिऱ्यावर काय कोरलेलं होतं, ते मला आठवत नाही.