शंखाची फुटकी कड

डहाणूत आमच्या हॉलमध्ये समुद्र आणला तो लेकीनं. २०१६ साली बायकोला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, बोलणं एकेका शब्दावर आलं. डॉक्टर म्हणाले, उठवा, चालवा, नाहीतर कायमची खाटेला खिळेल. पण बाई हट्टी! भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. मग लेक खाऱ्या पाण्याची काचेची टाकी, दोन नारिंगी मासे आणि डझनभर शंखवाल्या गोगलगायी घेऊन आली. आणि काय सांगू, दुसऱ्या सकाळी बायको माझा खांदा धरून टाकीपुढच्या खुर्चीपर्यंत आली. मग रोजच यायला लागली. पाच-सात पावलंच ती, पण चालत होती!

टाकी ओकीबोकी वाटते म्हणून मी किनाऱ्यावरचे दोन दगड आणून आत सोडले. लेक फोनवर म्हणाली, "बाबा, दगड आधी महिनाभर वेगळ्या बादलीत ठेवा. त्यांच्यातून काय काय येतं." मी जन्मभर शाळेत जीवशास्त्र शिकवलेलं. "तू मला शिकवतेस?" म्हटलं आणि फोन ठेवला.

आठवड्याभरात त्या दगडांतून बिनतिकिटाचे प्रवासी बाहेर पडायला लागले. नखाएवढ्या पांढऱ्या चांदण्या, पांढऱ्या नळीत राहणारं काहीतरी, आणि बोटभर लांबीचा, दोन्ही कडांना केस असलेला गुलाबी किडा. मी भिंग घेऊन वहीत चित्रं काढत होतो, मजेत होतो. मग रोज एक गोगलगाय मरायला लागली. एके सकाळी एका माशाची शेपटी अर्धी कुरतडलेली दिसली. बायकोनं ती पाहिली, खाटेवर गेली आणि पुन्हा भिंतीकडे तोंड केलं. दोन दिवस उठली नाही.

चोर किडाच, याची मला खात्री होती. रिकाम्या शंखात तोच तर सापडला होता! मी त्याला बोटांनीच ओढला, तर त्याचे केस कुसळांसारखे बोटांत घुसले. मी नुसता थयथयाट केला. चिमट्यानं असतील नसतील तेवढे किडे काढून फेकले. तिसऱ्या दिवशी आणखी एक शंख रिकामा.

तो शंख मी चिडून तिच्या खाटेवर टाकला. "घे, बघ! आता काय करू, तूच सांग!" आजारी माणसावर असं ओरडतो का कुणी? मी ओरडलो.

तिनं डाव्या हातानं शंख उचलला. ती इथल्याच किनाऱ्यावर वाढलेली. लहानपणी ओहोटीला आईमागोमाग खडकांवर कालवं काढायला जायची. त्या बायका आधी प्राणी शोधत नाहीत, त्याचं उष्टं बघतात. शंखाला बारीक भोक असेल तर खाणारा वेगळा, कड मोडली असेल तर वेगळा. फुटक्या कडेवरून अंगठा फिरवत ती म्हणाली, "चिंबोरी."

खेकडा! माझ्याच दगडांत दडून आलेला. किडा बिचारा मेलेलं खाऊन साफसफाई करत होता. इतकी वर्षं मुलांना शिकवलं, पण शंख उलटून बघणं मला सुचलं नाही. लाज वाटली स्वतःची.

"ग्लास," ती म्हणाली. मग, "बोंबील." मला खांदा द्यायला लावून ती खुर्चीत येऊन बसली आणि बोटानं दाखवत राहिली. तळाशी सुक्या बोंबलाचा तुकडा टाकून ग्लास दगडाला तिरका टेकवायचा. खेकडा आत घसरतो, गुळगुळीत काचेवरून त्याला वर चढता येत नाही.

सकाळी ग्लासात रुपयाएवढा खेकडा होता. काळ्या नांग्या, आणि ऐट फौजदाराची! मी त्याला ठेचणारच होतो.

"नको. दर्या," ती म्हणाली. आणि स्वतःच्या छातीवर हात ठेवला. तिलाही यायचं होतं. आजारपणापासून तिनं उंबरठा ओलांडला नव्हता.

रिक्षानं आम्ही किनाऱ्यावर गेलो. ओहोटी होती, वाळू ओली आणि घट्ट. माझ्या एका हातात बादली, दुसऱ्या खांद्यावर ती. थोडं चाललो, बादली कलती केली. खेकडा तिरका तिरका पळत पाण्यात शिरला.

"झालं. चल, दमशील," मी म्हणालो.

ती वळली नाही. खांद्यावरची पकड घट्ट करून, एका दमात म्हणाली, "अहो, अजून थोडं पुढे जाऊ या."

मला रडूच कोसळलं. ती तोवर पुढचं पाऊल टाकून मोकळी झाली होती.