यमुनेचा काळा रुपया

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. आमच्या ह्यांना नाही, मुलीला नाही. ह्यांना सांगायचं तर आता राहूनच गेलं. तसं बोलण्यात माझी कीर्ती अशी, की दूधवाला पिशवी कडीला अडकवून पळतो. थांबला तर काकू काहीतरी सांगत बसतील म्हणून! पण एवढं एक पोटातच राहिलं. तुमचा चेहरा मला दिसत नाही, म्हणून कदाचित जमेल. बघू या.

आधी थोडं माझ्याबद्दल. शाळा अर्धवट सुटलेली मी. नोटा छापणाऱ्या नाशकात राहून नाण्यांच्या नादाला लागले, हा माझा उलटा स्वभाव. गोदावरीच्या घाटावर लोक पाण्यात पैसे टाकतात ना, तो गाळ चाळून नाणी काढणारी माणसं असतात. त्यांच्यातल्या एकीच्या तळहातावर पहिल्यांदा राणीछाप रुपया पाहिला. चांदीचा, ओला, राणीचा चेहरा पार गुळगुळीत झालेला. घेतला, आणि मग ते सुटलंच नाही. सराफ बाजारात उभी राहून ऐकलं, प्रदर्शनं पालथी घातली, घड्याळ दुरुस्त करणारे डोळ्याला लावतात तसलं भिंग मिळवलं. हौशी मंडळींत बाई मी एकटीच. कुणाला नाण्याची शंका आली, की म्हणायचे, "काकूंना दाखवा." हे दोन शब्द मला फार आवडायचे. किती आवडायचे, ते आता लिहिताना कळतंय.

नाणं कसं बघतात, माहीत आहे? लोक आधी साल वाचतात. मी गाल बघते. राणीचा गाल, कानावरचे केस, अंगावरच्या कपड्याची नक्षी. नाण्यावरचं जे उंच, ते आधी झिजतं. बटांमधल्या रेघा मोजता आल्या, तर नाणं फार हातांतून गेलेलं नाही. मग ते उजेडात हळूहळू कलतं करायचं. टांकसाळीतून निघाल्यावर जे वापरलंच गेलं नाही, त्याच्यावर उजेड एका जागी थांबत नाही, गोल फिरतो! पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी ओरडलेच होते, ह्यांना वाटलं हात भाजला.

आणि रुपया काळा असला, तर घाबरायचं नाही. चांदी हवेनं काळवंडते, तो मळ नव्हे. दुधावर साय धरावी तसं ते वर्षानुवर्षं धरत जातं आणि खालची झळाळी राखतं. घासलं की काळेपणाबरोबर चांदीही निघते, झळाळी जाते, बारीक ओरखडे उरतात. एकदा गेलं ते परत येत नाही. आणि आपल्याकडे काय करतात? लक्ष्मीपूजनाआधी घरातले रुपये काढायचे आणि रांगोळी नाहीतर दात घासायची पांढरी पूड लावून लख्ख करायचे. देवीपुढे काळं कसं ठेवायचं? त्यामुळे घरोघरचे रुपये चकचकीत—आणि आमच्या लेखी मेलेले. नका हो घासू, असं मी कितीजणींना हात जोडून सांगितलंय.

हे सगळं एवढ्यासाठी सांगतेय की, पुढे जे केलं ते मी अजाणता केलं, असं तुम्हाला क्षणभरही वाटू नये.

यमुना मखमलाबादकडची. घरचा मळा, झेंडू, शेवंती, थोडी मेथी-पालक. आमच्या कॉलनीत टोपली घेऊन यायची. आधी फुलांपुरती ओळख, मग चहा, मग सासरच्या तक्रारी—तिच्याही आणि माझ्याही. मी भिंग लावून बसलेली दिसली की हसायची. "ताई, नाण्याला एवढं जपता, काकांकडं बघा की जरा!" असं म्हणून भाजीत एक जुडी जास्त टाकायची.

तिची आई गेली. दिवसकार्य झाल्यावर भावांनी आईची पेटी उघडली. त्यात पूजेतले रुपये होते. चकचकीत सगळे भावांनी वाटून घेतले. एक होता काळा, चिंधीत गुंडाळलेला. तो हिच्याकडे आला. भाऊ म्हणाला, हा खोटाच असणार. आणि भावजय हसली, "वन्सं, सासूबाईंनी तुमच्यासाठी खास ठिवलेला दिसतो!"

दुसऱ्या दिवशी सकाळी यमुना माझ्या स्वयंपाकघरात आली. टोपली नव्हती. कमरेची गाठ सोडली, चिंधी ओट्यावर ठेवली.

"ताई, खरा हाय का खोटा, तेवढं सांगा. खोटा आसला तरी सांगा. मी रडणार नाय."

पण तिला विचारायचं होतं ते वेगळंच. आईनं मला टाकाऊ दिलं का? हेच ना? ते तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं. मला नाण्यावरचं वाचता येतं, तोंडावरचं येत नाही, असं कसं म्हणू?

मी खिडकीशी गेले. चिंधी उलगडली. जुन्या लुगड्याचा तुकडा, एकाच घडीवर विरत आलेला. भिंग लावलं.

काय सांगू तुम्हाला! कडेला सोनेरी, मग जांभळट, मग निळं, मधे गडद. केसांची बट न् बट वेगळी. गालावर झीज नाही. कलता केला, आणि त्या काळ्याच्या खालून उजेड निघाला नि गोल फिरला. मी पुन्हा कलता केला. पुन्हा फिरला. आयुष्यात इतका सुंदर राणीछाप मी हातात धरलेला नव्हता. माझ्याजवळचा सगळ्यात चांगला, ज्याची मी वर्षानुवर्षं बढाई मारत आले, तो याच्यापुढे काहीच नव्हता.

आणि आणखी एक दिसलं. मागच्या बाजूच्या काळेपणात बारीक चौकडी उमटली होती—त्या लुगड्याची वीण! घडीची रेघसुद्धा. म्हणजे कळतंय का तुम्हाला? बाकीचे रुपये दर दिवाळीला घासले गेले, आणि हा एकही वर्ष नाही. हा कुणीतरी मुद्दाम बाजूला काढला, त्याच लुगड्यात, त्याच घडीत कितीतरी वर्षं तसाच ठेवला. भावजय टोमणा मारायला जे बोलली, ते अक्षरशः खरं होतं. आईनं लेकीसाठी खास ठेवला होता. ते त्या चांदीवर उमटलेलं होतं आणि ते वाचू शकणारी मी एकटी होते.

मी काय म्हणाले असेन?

"खरा आहे," म्हणाले. "पण साधाच आहे गं."

तिनं श्वास सोडला. मग विचारलं, "मंग काळा कशानं पडला?"

आणि मी म्हणाले, "नीट ठेवला नाही ना कुणी, म्हणून. पडून राहिला असेल कोपऱ्यात."

हे वाक्य कुठून आलं, याचं मला आजही नवल वाटतं. मी नंतर पुष्कळ शोधलं. तिच्यावर राग? छे. लोभ? तो रुपया मला नको होता. मागितला असता तर तिनं हसत दिला असता. मग काय होतं? तो तिच्याकडे आहे, एवढंच होतं. माझ्यापेक्षा चांगला, आणि न शोधता, कमरेच्या गाठीत. हे एवढं क्षुल्लक कारण हाताला लागतं. याच्याहून मोठं काही सापडलं असतं, तर बरं वाटलं असतं.

शब्दांवर थांबले असते तरी ते फिरवता आलं असतं. पण मी म्हणाले, "थांब, लख्ख करून देते." पांढऱ्या पुडीचा डबा काढला. जुना ब्रश घेतला. नळाखाली धरला आणि घासला. आधी ती चौकडी गेली. मग निळं, मग जांभळं. काळं पाणी सिंकमध्ये गेलं. यमुना शेजारी उभी राहून बघत होती, आणि म्हणत होती, "बाई गं! किती चमकतोय!"

पुसून भिंगाखाली धरला. ओरखडे नीट उमटलेत का, ते बघायला. उमटले होते. कलता केला, उजेड एका जागी थांबला. आणि मला हायसं वाटलं. हेच ते. इथवर यायलाच मी एवढी वळणं घेतली.

चिंधी मी केरात टाकली. रुपया नव्या कापसात, छोट्या डबीत घालून दिला. त्याबद्दलही तिनं आभार मानले. जाताना दारात थांबून म्हणाली, "म्हंजे म्हातारी इसरलीच व्हती त्याला. जाऊ द्या. खोटा तरी नाय दिला." आणि हसली. रडणार नाही म्हणाली होती, नाही रडली.

त्यानंतर तिनं आईबद्दल बोलणं कमी केलं. आधी सारखी यायची आई तिच्या बोलण्यात—आईची भाकरी, आईच्या शिव्या. मी वाट बघायची. विचारायची हिंमत कधी झाली नाही.

आता सांगितलं तर? दाखवायला काय आहे माझ्याकडे? आई काय म्हणून गेली, ते लिहिलेलं मीच पुसलं. आता उरला तो माझा शब्द, आणि त्याची काय किंमत, ते तुम्ही आत्ताच वाचलंत.

मागच्या दिवाळीत यमुना आली होती. गुडघे दुखतात, टोपली आता सून आणते. डबीतून रुपया काढून माझ्या हातावर ठेवला. राणीच्या बटा आता एकमेकींत मिसळल्यात.

"ह्यो मी लेकीला देणार," म्हणाली. "पण आमच्या आईसारखं नाय करायची मी. दरसाल माझ्या हातानं घासून ठेवते. लेकीला काळं देतं का कुणी, ताई?"

मी रुपया तिला परत दिला.

"बरं करतेस," म्हणाले.